गुडघा दाखवण्याचा कार्यक्रम

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांचं दुखणं दहा वर्षांहून जुनं आहे त्यांनी ती वाचायचं कारण नाही. त्यांना सगळं येतं, आणि दवाखान्याच्या बाकावर बसून ते ती विद्या येईल त्याला फुकट देतात. माझी पात्रता विचाराल तर दोन गुडघे, एक कंबर, उजवं मनगट आणि कपाटाच्या डोक्यावर ठेवलेली अकरा मोठी पाकिटं. ती कपाटात मावत नाहीत आणि दुमडली तर आतल्या फिल्मला मोड पडते, म्हणून वर. त्यांच्यावरची धूळ झटकायला मी चढत नाही. का, ते पात्रतेत आलंच आहे.

आधी दुखणं पाठ करा

पूर्वी मुलगी दाखवायची असली की चार प्रश्नांची उत्तरं तिला आदल्या रात्री पढवून ठेवत. गुडघा दाखवायला नेताना एवढंही कोणी करत नाही. माणूस खुर्चीत टेकतो, डॉक्टर विचारतात काय होतंय, आणि तो सांगतो, "सगळंच दुखतं." हे खरं असेलही, पण त्याला औषध नाही. मग डॉक्टर नाइलाजानं चार तपासण्या लिहून देतात आणि माणूस खूश होतो, की डॉक्टरांनी मनावर घेतलं.

तेव्हा घरूनच तयारी करून जा. दुखरी जागा एका बोटानं दाखवता येते का पाहा. एक बोट म्हणजे घराचा पत्ता, अख्खा तळवा म्हणजे नुसतं गावाचं नाव. जिना चढताना दुखतं की उतरताना? चालता चालता गुडघा मध्येच अडकतो का? दुखण्यानं रात्री जाग येते का? आणि सगळ्यांत मोलाचा प्रश्न: सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात, ते सुटायला किती वेळ लागतो?

हे मिनिटांत सांगता येत नसेल तर चहात सांगा. आधण ठेवलं, चहा गाळला, तोवर सांधे सुटले, तर बहुधा वयाची झीज. चहा पिऊन झाला, पेपर वाचून झाला, आंघोळीचं पाणी तापून परत कोमट झालं तरी मूठ वळत नाही, म्हणजे मामला अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढे गेला. अशा वेळी सांध्यांना आतून सूज आणणारा वात असण्याची शक्यता वाढते आणि डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून बसतात. या तपासणीला पैसे पडत नाहीत, उपाशीपोटी यावं लागत नाही, रिपोर्ट उद्या संध्याकाळी मिळत नाही. म्हणूनच तिला मान नसावा.

सोबत एकच माणूस न्या आणि त्याला आधीच बजावून ठेवा, की दुखणं तुमचं आहे. नाहीतर डॉक्टर प्रश्न तुम्हाला विचारतात आणि उत्तर बायको देते. "यांचं ना डॉक्टर, पहिल्यापासूनच अंगाला व्यायाम नाही." शेजारच्या काकांच्या गुडघ्याची हकीकतही घरीच ठेवून जा. ते काका त्याच बाकावर तुमच्या पुढच्या नंबरला बसलेले असतात, ती ते स्वतः सांगतील.

हातांची तपासणी

कपड्यांचं आधी सांगतो, कारण इथं शिकलेली माणसं चुकतात. गुडघा दाखवायचा म्हणजे गुडघा दिसला पाहिजे. घट्ट जीन्स पोटरीवरच संप पुकारते. सैल लेंगा घाला. आणि दुखरा एकच पाय उघडा करून बसू नका. डॉक्टरांना दोन्ही लागतात, कारण वाईट गुडघा चांगल्याच्या शेजारी ठेवला की लगेच ओळखू येतो. (दोन्ही वाईट असतील तर माझ्यासारखं गप्प बसावं.)

तुम्हाला वाटतं तपासणी पलंगावर आडवं झाल्यावर सुरू होते. ती तुम्ही दारातून आत येताना सुरू झालेली असते. कोणत्या पायावर भार टाकलात, खुर्चीवरून उठताना हात टेकलात का, चप्पल वाकून काढलीत की पायानं पायाला ओढून, हे सगळं चष्म्यावरून पाहून झालेलं असतं.

कंबरदुखीवाल्याला उताणं झोपवून त्याचा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर उचलतात. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याच्या खालपर्यंत वीज गेल्यासारखी कळ आली तर मणक्याशी शिरेवर दाब असल्याचा संशय घेतात. मांडीची मागची बाजू नुसती ताणली गेली तर ती धरत नाहीत, ती सगळ्यांचीच ताणली जाते. इथं नवशिका भरवशानं कळवळून ओरडतो. त्याच्यासाठी एक गुप्त माहिती: थोड्या वेळानं डॉक्टर तुम्हाला उठून बसायला सांगतात आणि गुडघा तपासायच्या निमित्तानं तोच पाय समोर सरळ करतात. पलंगावर ओरडलात आणि आता गप्प राहिलात, तर शोभा होते. ही परीक्षा तीच असते, फक्त प्रश्नपत्रिका उलटी छापलेली.

हाताला मुंग्या येत असतील तर उलटा नमस्कार घालावा लागतो: तळवे नाहीत, हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायच्या, मनगटं वाकवून बोटं जमिनीकडे, आणि एक मिनिट तसंच राहायचं. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू मुंग्यांनी भरली आणि करंगळी मात्र कोरडी सुटली, तर मनगटाच्या बोगद्यात दबलेली शीर कोणती ते डॉक्टरांना तिथंच कळतं. करंगळीची शीर निराळ्या वाटेनं जाते. देवाला असा नमस्कार घातलेला कधी चालला नसता.

तरुण मुलगा कंबर आखडते म्हणून आला, पहाटे जास्त आणि हिंडल्यावर कमी, तर डॉक्टर त्याच्या पाठीवर पेनानं दोन खुणा करतात, मधलं अंतर १० सेंटिमीटर. मग त्याला खाली वाकवायचं आणि टेप लावायची. निरोगी कंबर ताणून ते अंतर १५ च्या घरात जातं. तेरावरच थांबलं तर मणके एकमेकांना धरू लागले आहेत का, हे पुढं शोधायचं. एक टेप आणि एक बॉलपेन, शिंप्याकडे असतं तेवढंच सामान.

आता तपकिरीचं. अंगठा वर ताणला की मनगटाशी, अंगठ्याच्या बुडाला एक खळगा पडतो. आमचे आजोबा त्यात तपकिरीची चिमूट ठेवून ओढत. त्या खळग्याच्या तळाशी काजूएवढं आणि काजूसारखंच वळलेलं एक हाड आहे. पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल तरंगत असताना माझी स्कूटर घसरली आणि मी सगळा भार पुढं केलेल्या तळहातावर घेऊन पडलो. मनगट थोडं सुजलं, बाकी काही नाही. वाड्यातल्या चौघांनी हाडवैद्याकडे चोळून आणायला सांगितलं. मी एक्स-रे काढला. स्वच्छ! फिल्म घेऊन विजयी मुद्रेनं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती बघितलीही नाही. माझा अंगठा ताणला आणि तपकिरीच्या खळग्यात आपलं बोट रुतवलं. मी आईला हाक मारली. "फ्रॅक्चर आहे असं धरून चालू," ते म्हणाले आणि त्यांनी प्लास्टर घातलं.

एक्स-रे स्वच्छ असताना प्लास्टर! मी घरी येऊन या माणसाच्या पदवीची चौकशी केली. बाराव्या दिवशी प्लास्टर काढून परत फिल्म काढली, तेव्हा त्या काजूच्या कमरेत केसाएवढी रेघ होती. ताज्या मोडीत ही रेघ पुष्कळदा दिसतच नाही. दहा-चौदा दिवसांत मोडलेल्या कडा थोड्या विरघळतात, फट रुंदावते, मग ती फिल्मवर उमटते. आणि या हाडाला रक्त उलट्या बाजूनं, बोटांकडच्या टोकाकडून मिळतं, त्यामुळं मोड तशीच राहिली तर अलीकडचा तुकडा उपाशी राहून मरू शकतो. बोटाला पहिल्या दिवशी कळलं ते यंत्राला बाराव्या दिवशी कळलं. त्या डॉक्टरांची पदवी, तपासून पाहिली, चांगली होती.

फिल्म कशी धरावी

एक्स-रे ही गोष्ट जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गच्या विल्हेल्म रोंटगेननं ८ नोव्हेंबर १८९५ ला शोधली आणि २२ डिसेंबरला आपल्या बायकोचा हात त्या किरणांपुढे ठेवला. जगातल्या सगळ्यांत गाजलेल्या त्या फिल्ममध्ये बोटांची हाडं दिसतात आणि एका हाडाभोवती अंगठी. बायकोनं दागिने न काढण्याची परंपरा तेव्हापासूनची आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून काढायचा, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी ही मार्गदर्शिका वसूल झाली. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, हाडंच दिसतात. दोन हाडांमध्ये जी मोकळी जागा दिसते ती कूर्चेची. आडवं झाल्यावर सांध्यावर भार नसतो, झिजलेल्या गुडघ्यातही फट बरी दिसते. उभं राहिलं की खरी गोष्ट बाहेर येते. "गॅप कमी झालीय" म्हणतात ती हीच. या झिजेला शून्य ते चार अशी प्रतवारी आहे, १९५७ पासूनची. नातेवाईक विचारतील, "म्हणजे वंगण संपलं ना?" हो म्हणा आणि विषय संपवा. संपतं ते वंगण नसून हाडांच्या टोकांवरचं अस्तर असतं, पण हे समजावून सांगायला गेलात तर एरंडेलाची बाटली घरी येते. आणखी एक: प्रतवारी आणि दुखणं यांची नेहमी गाठ पडतेच असं नाही. चार नंबरच्या गुडघ्यानं पर्वती चढणारे लोक मला माहीत आहेत, आणि एक नंबरच्या गुडघ्यानं मी स्वतः तिच्या पायथ्याशी बसून असे.

किरणांची भीती किती बाळगावी? हाता-पायाच्या एका एक्स-रेत जेवढे किरण अंगात जातात तेवढे आकाश आणि जमीन आपल्याला काही तासांत फुकट देतात. कमरेच्या एक्स-रेला तोच हिशेब कित्येक महिन्यांवर जातो आणि सीटी स्कॅनला त्याहून पुढे. तेव्हा हाताला घाबरू नका आणि कंबर हौसेनं काढू नका. पोटात मूल असण्याची शंका असेल तर ती आत जाण्याआधी सांगायची, फिल्म काढून झाल्यावर नाही.

फिल्म हातात आली की खिडकीकडे धरून पाहायची रीत आहे. बहुतेक जण ती उलटी धरतात आणि गंभीर होतात. आता ती फोनवर येते, त्यामुळं गंभीर व्हायला अमेरिकेतला भाचाही मिळतो. तो सॉफ्टवेअरमध्ये असतो. जुन्या फिल्मचा दुसरा उपयोग ग्रहण पाहण्याचा. १९९५ च्या ऑक्टोबरातलं सूर्यग्रहण आमच्या अख्ख्या वाड्यानं कुणाच्या तरी पायाच्या फिल्ममधून पाहिलं. तसं करू नये. फिल्म उजेड अडवते, पण डोळ्याचा पडदा भाजणारी सगळी किरणं अडवत नाही. आमचे डोळे वाचले ते आमच्या शहाणपणानं नाही.

नळीतली भानगड

रक्ताच्या तपासण्यांत नवशिक्याची फार फसगत होते, कारण इथं आकडा मिळतो आणि त्याच्या शेजारी ठळक अक्षरांत 'हाय' लिहिलेलं असतं.

सगळ्यांत साधी आहे ईएसआर. रक्त उंच नळीत उभं ठेवायचं आणि एका तासात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. सूज असली की पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळती होतात आणि लवकर बसतात. पण पंडुरोग असला तरी बसतात, बाई गरोदर असली तरी बसतात, आणि नुसतं वय झालं तरी बसतात. ढोबळ हिशेब असा: पुरुषाचं वय भागिले दोन, बाईचं वय अधिक दहा, मग भागिले दोन. साठीच्या बाईचा ईएसआर पस्तीस आला तर रिपोर्टवर 'हाय' छापून येतं आणि घरात रात्रभर कोणी झोपत नाही, खरं तर तो वयाला शोभूनच असतो.

आरए फॅक्टरचं त्याहून अवघड. नावातच आमवात आहे, मग पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात झाला, नाही का? नाही. शंभर धडधाकट माणसांत साधारण पाचांचा तो पॉझिटिव्ह येतो, म्हाताऱ्यांत जास्त. उलट खरोखर आमवात असलेल्या दर पाचांतल्या एखाद्याचा निगेटिव्ह येतो. म्हणून हल्ली जोडीला अँटी-सीसीपी करतात, ती इतकी चंचल नाही. सांधे न दुखणाऱ्या माणसानं स्वस्तात मिळालं म्हणून पॅकेज घेतलं, त्यात आरए फॅक्टर होता, तो पॉझिटिव्ह आला, आणि त्या संध्याकाळपासून त्याचे सांधे दुखू लागले, असे निदान दोन जण माझ्या गणगोतात आहेत.

युरिक अ‍ॅसिडबद्दल काय लिहावं! ते वाढलं की मराठी घरात पहिला बळी तुरीच्या डाळीचा जातो, मग पालक, मग टोमॅटो. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांवर बारा वर्षं नजर ठेवून २००४ साली जे छापून आलं, त्यात मटण-मासळी जास्त खाणाऱ्यांना गाउट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचा सांधेवात, जास्त झाला, प्युरीनवाल्या भाज्या-कडधान्यांनी तो धोका वाढल्याचं दिसलं नाही. बिअर तर गाउटची जुनी मैत्रीण. पण डाळ बंद करणं सोपं असतं. आणि गंमत अशी, की मध्यरात्री पायाचा अंगठा लालबुंद होऊन चादरीचा स्पर्श सहन होईना, तेव्हा ऐन ठणक्यात काढलेलं युरिक अ‍ॅसिड बऱ्याचदा नॉर्मल येतं. ठणका उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी परत मोजावं. खरा पुरावा हवा असेल तर सुजलेल्या सांध्यात सुई घालून पाणी काढायचं आणि ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. सुयांसारखे लखलखते खडे दिसले की वाद मिटला.

सुईच्या नुसत्या नावानं नवशिका पळतो. पळू नये. एकच सांधा एकाएकी सुजला, गरम झाला, अंगात ताप आहे, तर ते पाणी काढायलाच हवं आणि त्याच दिवशी. गढूळ निघालं तर आत पू असू शकतो आणि पू कूर्चा काही दिवसांत खाऊन टाकतो. इथं थट्टा नाही.

हाडांच्या ठिसूळपणाची डेक्सा तपासणी मात्र अगदी सुखाची. कपडे घालून आडवं पडायचं, वरून एक हात सरकत जातो, दुखत नाही, किरण नावापुरते. उत्तर टी-स्कोअरमध्ये येतं. तुमच्या खुब्याची आणि कमरेची हाडं तरुण निरोगी बाईच्या हाडांशी ताडून पाहायची: उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ. ही रेघ १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आखली, त्यामुळं निदान या एका बाबतीत सासूची सुनेशी तुलना करायला जागतिक मान्यता आहे. म्हातारपणी मणक्यांना काटे फुटलेले असतात, ते यंत्राला भरीव हाडासारखे वाटतात, म्हणून कमरेचा आकडा कधीकधी फसवा चांगला येतो. खुब्यावर जास्त विश्वास ठेवावा. मंडळाच्या मांडवात मोफत शिबिरात टाचेला जेल लावून जे मोजतात ते हे नव्हे. ती टाचेची सोनोग्राफी. तिच्या चिठ्ठीवरही टी-स्कोअर लिहितात, पण उणे अडीचची रेघ तिच्यासाठी आखलेली नाही. त्या चिठ्ठीवर फक्त पुढची तपासणी करायची का एवढं ठरवावं, तिथल्याच टेबलावरच्या गोळ्या घ्यायच्या का, हे नाही.

बोगद्यात जाण्यापूर्वी

एमआरआय म्हणजे नवशिक्याची मुंज. ती झाली की माणूस बाकावर बोलायला लागतो.

आत एक चुंबक असतो, बहुधा दीड टेस्लाचा. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. तो मशीन बंद असताना चालू असतो, रात्री चालू असतो, दिवाळीत चालू असतो. दारावरची पाटी शोभेची नाही. २०१८ साली मुंबईतल्या एका रुग्णालयात नातेवाइकाचा ऑक्सिजन सिलिंडर हातात धरून एक तरुण त्या खोलीत गेला आणि सिलिंडरासकट ओढला जाऊन जिवाला मुकला. तेव्हा पेसमेकर, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, मेंदूत घातलेली क्लिप, जे असेल ते न विचारता सांगायचं. गुडघ्याचा टायटॅनियमचा सांधा सहसा चालतो, पण सांगायचं.

दागिन्यांचं प्रकरण मी आमच्या घरच्या कंबरदुखीच्या वेळी जवळून पाहिलं. मंगळसूत्र उतरवायला पाच मिनिटं लागली, कारण ते नुसतं उतरवायचं नव्हतं, आधी गळ्यात काळा दोरा बांधायचा होता. बांगड्या काचेच्या म्हणून वाचल्या. नथ घरी होती. राहिली जोडवी. एकतीस वर्षांत ती बोटांत अशी रुतली होती, की बोट कुठं संपतं आणि चांदी कुठं सुरू होते ते सांगता येईना. तिथल्या मावशींनी आधी साबण लावला, मग खोबरेल. मग त्यांनी शिवायचा दोरा बोटाला पेरापासून गच्च गुंडाळला, एक टोक जोडव्याखालून काढलं आणि ते उलट उलगडायला सुरुवात केली. दोरा सुटत गेला तसतसं जोडवं एकेक वेढा पुढं सरकलं आणि टक् करून फरशीवर पडलं. मावशी म्हणाल्या, "आठवड्याला चार काढते." मी मध्येच म्हणालो होतो, की चांदी चुंबकाला चिकटत नाही, शाळेत शिकलोय. बायको म्हणाली, तुम्ही बाहेर बसा. तसंही त्या चांदीत सोनारानं काय मिसळलंय ते सोनारच जाणे, आणि न चिकटणारा धातूही आत तापू शकतो.

आत गेल्यावर हलायचं नाही आणि घाबरायचं नाही. कानात बोळे देतात. यंत्रातल्या वेटोळ्यांत वीज झपाट्यानं चालू-बंद होते, ती वेटोळी चुंबकाच्या पोटात थडथडतात, त्याचा तो आवाज. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर ढोलपथकाच्या मधोमध उभे राहिलेल्यांना काही वाटत नाही. अर्धा तास. हातात रबराचा फुगा देतात, फारच गुदमरलं तर दाबायचा. मी एकदा चुकून दाबला, परत सगळं पहिल्यापासून.

रिपोर्ट हाती आला की तो वाचायचा नाही. तुम्ही वाचणारच, म्हणून सांगून ठेवतो. त्यात 'डिफ्यूज डिस्क बल्ज' असेल, 'इंडेंटिंग द थीकल सॅक' असेल, 'डिजनरेटिव्ह चेंजेस' तर असतीलच. वाचून असं वाटतं, की आपण उभे कसे आहोत? १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढून तज्ज्ञांना वाचायला दिले. निम्म्याहून जास्त जणांच्या, ५२ टक्क्यांच्या, कुठल्या ना कुठल्या मणक्यापाशी चकती फुगलेली. सगळ्या चकत्या ठाकठीक असलेले फक्त ३६ टक्के. म्हणजे रस्त्यानं शीळ घालत चाललेला माणूस पकडून यंत्रात घातला तरी त्याला घरी पाठवायला एक घाबरवणारं पाकीट तयार होतं. या वयाला चकती थोडी फुगते, जसे केस पांढरे होतात. ती फुगलेली चकती आणि तुमची कळ यांचं लग्न लागलंय का, हे पाय उचलून पाहणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवता येतं. म्हणून तर रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'काइंडली कोरिलेट क्लिनिकली'. घरी रिपोर्ट वाचणाऱ्यांत ती ओळ मोठ्यानं वाचलेला एकही इसम मला भेटलेला नाही.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर माझ्या गळ्याशी येईल. पाठीच्या दुखण्याबरोबर संध्याकाळचा बारीक ताप येतोय, वजन उतरतंय, रात्री कूस बदलूनही चैन पडत नाही, तर आपल्या देशात मणक्याचा क्षय आधी मनात आणावा लागतो, आणि तिथं एमआरआय लागतो, गरज पडली तर सुईनं तुकडाही काढावा लागतो. लघवी अडली किंवा नकळत झाली, पायातली ताकद गेली, बसायच्या जागी बधिरपणा आला, तर रिपोर्ट कोण वाचेल याची वाट न पाहता त्याच रात्री निघायचं.

उरलेलं थोडक्यात. खांद्याच्या स्नायूची दोरी तुटली का ते सोनोग्राफीत छान दिसतं, हात हलवत असताना दिसतं. पुरुषांना तिथं बसायचा संकोच वाटतो, कारण डोक्यावर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी असते आणि शेजारी सात महिन्यांची गरोदर पोरगी आपुलकीनं विचारते, "काका, तुम्हाला काय झालंय?" स्नायूंच्या रोगात सीपीके नावाचं द्रव्य रक्तात वाढतं, पण आदल्या दिवशी जोर-बैठका काढल्या किंवा दंडात इंजेक्शन घेतलं तरी वाढतं, जिमला नुकत्याच लागलेल्या मुलांनी ही तपासणी हौसेनं करू नये.

आणि ईएमजी. आधी कातडीवरून विजेचे लहान झटके देऊन शीर निरोप किती वेगानं पोचवते ते मोजतात, मग स्नायूत बारीक सुई घालतात आणि स्पीकर चालू करतात. स्नायू ऐकू येतो! निरोगी स्नायू स्वस्थ असताना गप्प असतो, आवळला की लाह्या फुटल्यासारखा तडतडतो. शिरेचा आधार सुटलेला स्नायू स्वस्थ असतानाही बोलत राहतो, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा. माझा गप्प होता. टेक्निशियन म्हणाला, "काका, जरा जोर लावा." मी लावला. खोलीभर लाह्या. चाळीस वर्षं ज्या पोटरीला मी आळशी म्हणत आलो ती एवढं बोलते, हे मला माहीत नव्हतं.

पाकिटं

शेवटची सूचना: जुन्या फिल्म टाकू नका. नवी फिल्म एकटी असते तेव्हा ती फक्त काय आहे ते सांगते. जुनीच्या शेजारी लावली की किती बदललं ते कळतं, आणि डॉक्टरांना बहुतेक वेळा तेच हवं असतं. पाकिटावर तारीख मोठ्या अक्षरांत लिहा. एका पाकिटात एकाच माणसाची हाडं ठेवा.

हे शेवटचं मी पाळलं नाही. मागच्या खेपेला पायाचा जुना एक्स-रे मागितला म्हणून कपाटावरचं तळातलं पाकीट तसंच नेलं. डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या काचेवर लावली, थोडा वेळ पाहिली आणि म्हणाले, "हा पाय तुमचा नाही."

पाऊल लहान होतं. अंगठ्याशेजारच्या बोटात दोन पांढरीशुभ्र कडी, आत काही न दिसणारी. कोपऱ्यात आईचं नाव आणि १९८७. पाटा सरकवताना पायावर पडला होता. सूज इतकी, की जोडवी साबणानं निघाली नाहीत, तशीच फिल्म काढली. वाड्यानं ग्रहण पाहिलं ते हिच्यातूनच. कडेला मेणबत्तीची काजळी धरलेली अजून आहे.

"रेघ आहे बघा," डॉक्टर पेनाच्या टोकानं दाखवत म्हणाले, "जोडव्याच्या शेजारच्या बोटाला. प्लास्टर घातलं होतं का?"

"नाही. दुसऱ्या दिवसापासून पाणी भरत होती."

त्यांनी दिवा बंद केला नाही. मीही काही बोललो नाही. बाहेर पुढच्या नंबरचे काका दोनदा खोकले, तेव्हा मी फिल्म काढून घेतली आणि परत माझ्याच पाकिटात ठेवली.